वाटसरूचे जेवण : सराईपासून समृद्धी महामार्गापर्यंत



इतिहास म्हटला की आपल्यापुढे किल्ले उभे राहतात, तोफा धडाडतात, राजे आणि सुभेदार एकामागून एक चालू लागतात. पण सुभेदार असो की हमाल, प्रवासात दुपार झाली म्हणजे दोघांनाही भूक लागते. मग ते कुठे जेवत होते? कोण रांधत होते? आणि जेवण मागणाऱ्या प्रत्येकाला ते मिळत होते काय? हे प्रश्न आपली पाठ्यपुस्तके सहसा विचारीत नाहीत. आज आपण तेच विचारणार आहोत. रस्त्याकाठच्या खाण्याच्या जागा कशा उभ्या राहिल्या, कशा भरभराटल्या आणि कशा ओस पडल्या, हा आजचा विषय आहे.

यासाठी आपल्याला फार लांब जायला नको. छत्रपती संभाजीनगर हे शहरच मुळी रस्त्यांचे अपत्य आहे. मलिक अंबराने १६१० साली खडकी वसविली. पुढे तिचे फतेहनगर झाले, आणि १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने तिला औरंगाबाद हे नाव दिले. आज ते शहर छत्रपती संभाजीनगर झाले आहे. नावे बदलली, पण वाटा तशाच राहिल्या. उत्तरेकडून बुऱ्हाणपूर, फर्दापूर, अजिंठा या वाटेने लष्कर आणि व्यापारी येत. सुरतेहून गोवळकोंड्याच्या हिऱ्यांकडे जाणारी वाटही इकडूनच जाई. झां बातिस्त ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिरा सतराव्या शतकात याच वाटेने गेला.

आता एवढी माणसे आणि जनावरे रोज चालायची, तर त्यांचा मुक्काम हवा. त्यासाठी सराया होत्या. अजिंठा गावात आणि घाटाखाली फर्दापुरात अशा सरायांची बांधकामे आजही दिसतात. अजिंठ्याची लेणी पाहायला मुले सहलीने जातात, त्यांना ती अवश्य दाखवावीत. सराई म्हणजे चौकोनी तटबंदी. आत चारी बाजूंनी ओवऱ्या, मध्ये मोकळे आवार, विहीर, आणि दोन मोठे दरवाजे. सूर्य मावळला की दरवाजे बंद होत, ते सकाळी सर्वांनी आपापले सामान जागेवर असल्याची खात्री केली म्हणजे उघडत. आत भटियारे आणि भटियारणी असत. वाटसरूला पीठमीठ द्यायचे किंवा पैसे द्यायचे, की त्या रोट्या भाजून देत, खाट टाकून देत, घोड्याला दाणावैरण घालीत. रस्त्यावरचे हॉटेल म्हणतात ते आणखी वेगळे काय असते?

शहरातली पाणचक्कीही याच गोष्टीचा एक भाग आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ अठराव्या शतकात खापराच्या नळांतून दुरून पाणी आणून ही चक्की फिरविली. तिच्यावर दर्ग्यातल्या फकिरांसाठी आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी दळण होई. सहलीतली मुले चक्की पाहून थक्क होतात, पण हे पीठ कुणासाठी, असे त्यांना कोणी विचारले तर बरे होईल. जुन्या शहरात आजही मिळणारा नान-खलिया हा पदार्थ तुघलकाच्या लष्कराबरोबर आला, असे लोक सांगतात. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी देवगिरीला हलविली, हा इतिहास आहे. पदार्थाची कहाणी मात्र लोकपरंपरेची आहे. तरीही तिच्यात एक खूण आहे. मोठ्या कढया आणि तंदूर हे घरच्या चुलीचे सामान नव्हे, ते चालत्या माणसांचे सामान.

सामान्य हिंदू वाटसरूची रीत याहून वेगळी होती. तो विकतचे शिजलेले अन्न शक्यतो खात नसे. त्याच्या खांद्यावर शिदोरी असे. दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी ही खास प्रवासासाठी. ती दोनतीन दिवस टिके, आणि पाण्याऐवजी दुधात भिजवल्यामुळे सोवळ्याओवळ्याची अडचणही येत नसे. पाहा, एका पदार्थात केवढे समाजशास्त्र भरले आहे! मुक्काम धर्मशाळेत पडे. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या; वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धारही त्यांचाच. धर्मशाळेत निवारा मिळे, पाणी मिळे, कुठे शिधा मिळे. पण तीन दगडांची चूल मांडून भाकरी ज्याची त्याने भाजायची. का? कारण कुणाच्या हातचे कुणी खावे, हे जातीने ठरविलेले होते.

इथे आपण जरा थांबले पाहिजे. सराई, धर्मशाळा, पाणवठा या गोष्टी आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. पण त्यांची दारे सर्वांना उघडी नव्हती. याचा पुरावा आपल्याच परिसरात आहे. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला आले. वाटेने धुळीने अंग माखले होते. दरवाजाजवळच्या हौदात पाणी होते, त्यात मंडळींनी हातपाय-तोंड धुतले. तेवढ्यावरून, अस्पृश्यांनी हौद बाटविला, असा आरडाओरडा झाला आणि जमाव चालून आला. ओरडणारे त्या ठिकाणचे मुसलमान होते. हिंदू ज्याला अस्पृश्य मानतो त्याला इतरही अस्पृश्यच मानतात, हा धडा त्या प्रसंगातून बाबासाहेबांनी काढला. शेवटी किल्ल्यात जाऊ दिले ते पाण्याला कुठेही हात लावायचा नाही या अटीवर, आणि पाळतीला शिपाई देऊन. जगातल्या मोठ्या विद्यापीठांचा तो पंडित, आणि वाटेवरच्या ओंजळभर पाण्यासाठी ही गत! 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लहानशा पुस्तकात त्यांनी हे लिहून ठेवले आहे. रस्त्यावरच्या खाण्यापिण्याचा इतिहास लिहिताना हे पान वगळता येत नाही.

दार उघडायला सुरुवात झाली ती आगगाडीमुळे, पण अगदी हळूहळू. निजामाच्या राज्यातली मनमाडहून औरंगाबादेवरून हैदराबादेकडे जाणारी रेल्वे १९०० साली धावू लागली. गाडीच्या डब्यात जात पाळणे अवघड होते, पण फलाटावर ती पुन्हा उतरलीच. 'हिंदू पाणी', 'मुसलमान पाणी', 'हिंदू चहा', 'मुसलमान चहा' अशा आरोळ्या देशातल्या स्टेशनांवर स्वातंत्र्याच्या काळापर्यंत ऐकू येत. गोऱ्या साहेबांची खाण्याची खोली निराळीच.

मुंबई-पुण्याकडे मात्र एक नवा दुकानदार आला होता. इराणातल्या यझ्द आणि केरमान भागातून आलेल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चौकाचौकांत चहाची दुकाने थाटली. संगमरवरी फरशीची टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, पाव-मस्का आणि चहा. इराण्याला गिऱ्हाइकाच्या जातीशी कर्तव्य नव्हते. एक आणा टाका, चहा घ्या. गिरणीतला कामगार आणि कचेरीतला कारकून एकाच टेबलाशी बसू लागले. ही गोष्ट दिसायला लहान, पण फार दूरवर पोचलेली होती.

मग आली मोटार. निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. इकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आपल्याकडचे रस्तेही त्याच जाळ्यात गुंफले गेले. गावोगाव स्टँड उभे राहिले, आणि स्टँडला लागून कॅन्टीन. कळकट बाक, काचेचा पेला, कढईतली भजी, आणि फळीवर शिळ्या होत चाललेल्या शेवचिवड्याच्या बरण्या. त्याची चेष्टा पुष्कळ झाली. पण त्या कॅन्टीनने केलेले काम आपण ओळखले पाहिजे. १९५० च्या राज्यघटनेने दुकाने, उपाहारगृहे आणि विहिरी सर्व नागरिकांना मोकळ्या केल्या. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरविला. कायदा झाला तरी गावातल्या हॉटेलात वेगळी कपबशी ठेवण्याची रीत कितीतरी वर्षे चालूच होती. स्टँडवर मात्र ती टिकणे कठीण होते. गाडी दहा मिनिटे थांबणार, कंडक्टर घंटी मारणार. शेजारी बसलेला कोण, हे विचारायला वेळ कुणाला? गावात जे होत नव्हते, ते स्टँडवर घाईघाईत होऊन गेले. बायकामाणसांनी घराबाहेर चारचौघांत बसून चहा घेणेही असेच, प्रवासाच्या निमित्ताने अंगवळणी पडले.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. गावातला हॉटेलवाला वाईट भजी देईल तर उद्या त्याच्याकडे कोण जाईल? त्याला गावाचा धाक असतो. रस्त्यावरचा गिऱ्हाईक मात्र एकदा येतो आणि जातो. त्याने विश्वास कशावर ठेवायचा? या अडचणीतूनच एकाच नावाच्या, एकाच चवीच्या हॉटेलांची साखळी जन्माला आली. अमेरिकेत हॉवर्ड जॉन्सन नावाच्या गृहस्थाने १९२५ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या क्विन्सी गावी एक लहानसे दुकान घेतले. त्याचे आइस्क्रीम नावाजले. दहा वर्षांनी त्याने आपले नाव आणि आपला माल दुसऱ्यांना चालवायला देण्याची पद्धत सुरू केली. सगळ्या हॉटेलांना नारिंगी छप्पर, सगळीकडे तोच पदार्थ, तीच चव. मोटारीने जाणाऱ्या कुटुंबाला दुरून ते छप्पर दिसले की मुले म्हणत, इथे थांबू या. पुढे ही हॉटेले हजाराच्या घरात गेली. इंग्लंडात १९५८ साली रेडिंग येथे अवघ्या अकरा खुर्च्यांचे 'लिटल शेफ' निघाले, आणि त्याच्याही शाखा पुढे चारशेवर गेल्या.

आणि शेवट काय झाला? दोन्ही साखळ्या आज संपल्या आहेत. 'लिटल शेफ' २०१८ साली मिटले. हॉवर्ड जॉन्सनचे शेवटचे उपाहारगृह २०२२ मध्ये बंद झाले. कारणे दोन्हीकडे सारखीच आढळतात. मालकी हातोहात फिरली, खर्च काटण्याच्या नादात चव बिघडली, झटपट खाणे देणारे नवे दुकानदार आले, आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे रस्ता बदलला. जुन्या रस्त्याला वळसा घालून नवा रुंद मार्ग गेला, आणि नारिंगी छप्पर मोटारवाल्याला दिसेनासे झाले.

आपल्याकडे विश्वासाची पाटी आधी जातीची होती. 'ब्राह्मणी खानावळ', 'हिंदू हॉटेल' अशा पाट्या लोकांनी पाहिल्या आहेत. स्वातंत्र्यानंतर त्या पुसट होत गेल्या, आणि त्यांच्या जागी चवीच्या व स्वच्छतेच्या पाट्या आल्या. उडुपीकडच्या मंडळींनी इडली-डोसा मुंबईत आणला आणि तिथून साऱ्या महाराष्ट्राला त्याची गोडी लावली. व्यंकटेश कामतांचे मुंबईतले 'सत्कार' नावारूपाला आले. पुढच्या पिढीत विठ्ठल कामतांनी महामार्गांवर कामत नावाची उपाहारगृहे वाढविली. 'इडली, ऑर्किड आणि मी' या पुस्तकात त्यांनी आपली वाटचाल सांगितली आहे.

पण खरी मराठी मातीतली साखळी निराळीच आहे, आणि तिला मालक नाही. उन्हाळ्यात कोणत्याही रस्त्याने जा. 'कानिफनाथ रसवंतीगृह', 'नवनाथ रसवंतीगृह' अशी पाटी, चरकाला बांधलेले घुंगरू, आले-लिंबू घातलेला उसाचा रस. नगरला तेच, जालन्याला तेच, नागपूरलाही तेच. ही सारी दुकाने एकाच कंपनीची नव्हेत. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात बोपगावजवळ कानिफनाथांचे प्रसिद्ध देवस्थान आहे. त्या कोरडवाहू भागातली अनेक कुटुंबे पोट भरायला चरक घेऊन बाहेर पडली, आणि जाताना आपल्या नाथाचे नाव घेऊन गेली. एकाचे पाहून भावाने केले, भावाचे पाहून साडूने केले. ना करार, ना मुख्य कचेरी. तरीही वाटसरूला पाटी पाहून वाटते, इथला रस आपल्याला ठाऊक आहे. हॉवर्ड जॉन्सनने वकील लावून जे साधले, ते पुरंदरच्या शेतकऱ्याने नात्यागोत्यातून साधले. नाथांवर कुणाचा हक्क लागत नाही, म्हणून हे नाव कुणी विकूही शकत नाही. साखळी टिकून राहण्याचे एक कारण हेही असेल.

धाब्याची कथाही अशीच. १९४७ च्या फाळणीनंतर पंजाबी निर्वासित देशभर पांगले. पुष्कळ जण ट्रकच्या धंद्यात शिरले आणि त्यांच्यामागोमाग तंदूर, बाजा आणि डाळ रस्त्यारस्त्याला पोचली. ट्रक ड्रायव्हरला पाहिजे काय? गाडी उभी करायला मोकळी जागा, आंघोळीला पाणी, पाठ टेकायला खाट, आणि गरम जेवण. धाब्याने नेमके तेवढेच दिले. मग आपल्या लोकांनी धाबा आपलासा केला. खानदेशच्या वाटेला शेवभाजी आली, मराठवाड्यात पिठले, ठेचा आणि ज्वारीची भाकरी आली. ज्या शेतकऱ्याचे शेत रस्त्याला लागून होते, त्याला कोरड्या वर्षात हाच आधार झाला. पावसाने पाठ फिरवली तरी रस्ता आटत नाही, हे त्याने ओळखले. धुळे-सोलापूर रस्त्यावर आणि पुण्याच्या रस्त्यावर फाट्याफाट्याला असे संसार उभे राहिले. आई भाकरी थापते, बाप गल्ल्यावर बसतो, मुलगा शाळा सुटली की टेबल पुसतो. शिक्षकबंधूंच्या वर्गात अशी मुले निश्चित असतील.

रस्ता आटत नाही हे खरे, पण तो हलतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा खोपोली-खंडाळ्याच्या जुन्या रस्त्यावरची बरीच वर्दळ नव्या मार्गाने वळली आणि नव्या मार्गावर भव्य फूड मॉल उभे राहिले. आपल्याकडे कन्नडजवळच्या औट्रम घाटातून जाण्यास २०२३ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने जड वाहनांना बंदी झाली. घाटातली कोंडी आणि अपघात पाहता ते आवश्यकच होते. पण ट्रक ज्या वाटेने जातो, त्याचे जेवणही त्याच वाटेने जाते, हे विसरता येत नाही.

आणि आता समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा पूर्ण होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग सलग झाला. दहा जिल्ह्यांतून तो जातो. आपल्या शहराच्या उशाशी सावंगी आणि माळीवाडा येथे त्यावर चढता-उतरता येते. हा मार्ग जुन्या रस्त्यासारखा नाही. दोन्ही बाजूंना कुंपण आहे. ठरावीक जागीच आत शिरता येते, ठरावीक जागीच बाहेर पडता येते. म्हणजे ज्याचे शेत मार्गाला लागून आहे, त्यालाही तिथे खाट टाकता येणार नाही. वेगासाठी आणि सुरक्षिततेसाठी हे हवेच. पण पहिल्या काळात पेट्रोलपंप सोडले तर थांबायच्या, खायच्या सोयी फारच तोकड्या होत्या, आणि शेकडो किलोमीटर सरळ, एकसुरी रस्त्यावर ड्रायव्हरला येणारी गुंगी हे अपघातांच्या कारणांपैकी एक म्हणून पुढे आले. मोगल काळातल्या बांधकाम करणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की आधी मुक्काम ठरवायचा, मग वाट आखायची. वाटसरूचे जेवण ही चैन नसून त्याच्या जिवाची काळजी आहे, हे नव्या काळाने पुन्हा शिकावे लागले.

यातून एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. नव्या मार्गावरच्या ठरावीक जागा कुणाला मिळणार? मोठ्या भांडवलाच्या साखळ्यांना त्या घेणे सोपे आहे. फाट्यावरच्या भाकरीवालीला ते शक्य नाही. तिने काय करावे? मुंबईत १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणी कामगारांना डबे देणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. सावकाराच्या पाशातून सुटून त्या बायकांना बँकेचे कर्ज मिळू लागले. एकेकटीला बँकेने दारात उभे केले नसते. गावोगावच्या बचत गटांनी हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. महामार्गावरच्या सोयींमध्ये जवळच्या गावांतील गटांसाठी काही गाळे राखावेत, अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावाने करता येते. मागितल्यावाचून ते मिळणार नाही, एवढे मात्र नक्की.

आता या सगळ्याचा मेळ घालू. सराई लष्कराच्या आणि व्यापाराच्या वाटेवर जगली, ती वाट मोडली तेव्हा ओस पडली. स्टँडचे कॅन्टीन एस. टी. च्या जोरावर वाढले आणि खासगी मोटारी वाढल्या तेव्हा थकले. नारिंगी छप्पर नव्या रस्त्याने झाकले. म्हणजे रस्त्यावरच्या अन्नदात्याचे नशीब त्याच्या हातच्या चवीवर जितके, तितकेच रस्ता आखणाऱ्याच्या नकाशावर अवलंबून असते. पण या चढउतारात एक गोष्ट सतत पुढे गेली आहे. १९३४ साली हौदाच्या पाण्यावरून हाकलणारा समाज आज बाकावर शेजारी बसून मिसळ खातो. ही कमाई एखाद्या धाब्याच्या नफ्यातोट्याहून मोठी आहे. ती कुठे अपुरी असेल, कुठे अजून वेगळा पेला ठेवला जात असेल, तर ते बदलणे आपल्याच हाती आहे.

शिक्षकबंधुभगिनींना शेवटी एक विनंती. आपल्या गावाजवळचा फाटा घ्या. तिथले पहिले हॉटेल कुणी काढले, तेव्हा चहा केवढ्याला होता, गाडी कोणती थांबे, आत कोण बसे आणि बाहेर कोण उभे राही, हे मुलांनी जुन्या माणसांना विचारून वहीत उतरवावे. गावात सराई, धर्मशाळा किंवा बारव असेल तर तिचे माप घ्यावे, चित्र काढावे. ही माहिती कोणत्याही दप्तरात नाही. ती आज सत्तरी-ऐंशीच्या घरात असलेल्या माणसांच्या आठवणीत आहे. पुढच्या उन्हाळ्याच्या सुटीआधी एवढे काम झाले, तरी आपल्या तालुक्याच्या इतिहासाचे एक कोरे पान भरेल.